घरच्या संगणकासाठी फायरवॉल आणि अँटिव्हायरसची निवड : प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

घरच्या संगणकावरील अँटिव्हायरसचा परवाना या महिन्याच्या ३० तारखेला संपतो आहे आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारी चौकट आता रोज पडद्यावर येऊ लागली आहे. पैसे भरून मोकळे होणे सर्वांत सोपे आहे. परंतु हे सॉफ्टवेअर नेमके कशापासून वाचवते, त्याच्याबरोबर आलेल्या फायरवॉलची गरज आहे की नाही, आणि विंडोजमध्ये मुळातच असलेली साधने अपुरी का मानायची, या प्रश्नांची उत्तरे घरात कुणालाच देता येत नाहीत. म्हणून या महिनाभरात सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे काम करून निवड लेखी कारणांसह करायची, असे ठरवले आहे.

संगणक सांगलीच्या घरी दिवाणखान्यात आहे. दहाव्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि विंडोज १०. इंटरनेट फायबरचे आहे. राउटर सेवा देणाऱ्यांनीच बसवलेला आहे. वापरणारे चार जण आहेत आणि त्यांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. माझे पती पुस्तकांचे डीटीपी करतात, त्यामुळे जुने पेजमेकर, श्रीलिपीचे फाँट आणि छापखान्यातून येणारे पेनड्राइव्ह हे त्यांच्या रोजच्या कामातले आहे. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. निवृत्तिवेतनाचे खाते, वीजबिल आणि नातेवाइकांच्या ईमेल यांसाठी त्या संगणक वापरतात. मुलगी बारावीत आहे आणि अभ्यासाच्या सोबतीने खेळही उतरवून घेते. मी सहकारी बँकेत संगणक विभागात असल्याने दुरुस्तीचे काम माझ्याकडे येते, मात्र दिवसभर मी घरी नसते. निवडीच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरेल, असे आत्ताच वाटते. कारण सॉफ्टवेअरने काही विचारले तर उत्तर द्यायला समोर जी व्यक्ती असेल, ती बहुतेक वेळा मी नसेन.

कामाची विभागणी अशी ठरवली आहे की फायरवॉल आणि अँटिव्हायरस यांचा विचार स्वतंत्रपणे करायचा. फायरवॉल संगणकाकडे येणाऱ्या आणि त्याच्याकडून जाणाऱ्या जोडण्या पाहते, म्हणजे कोण, कुठून, कोणत्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) बोलू पाहतो आहे हे तिचे क्षेत्र आहे. अँटिव्हायरस फायली आणि चालू प्रोग्रॅम यांची तपासणी करतो. दोन्ही एकाच खोक्यात विकली जात असल्याने लोक त्यांना एकच समजतात आणि एकातली उणीव दुसऱ्याने भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवतात.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज सॉफ्टवेअरकडे न वळता आधी धोक्याच्या वाटा लिहून काढल्या.

पहिली वाट थेट नेटवर्कवरून येण्याची. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या ब्लास्टर या वर्मला (नेटवर्कवरून स्वतःच पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमला) वापरणाऱ्याने काहीही उघडण्याची गरज नव्हती. विंडोजच्या एका सेवेतील दोषाचा फायदा घेऊन तो पोर्ट १३५ वरून आपोआप शिरत असे. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिली होती, आणि विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉलही होती, पण ती मुळात बंद असे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू राहू लागली. वेगळी फायरवॉल विकत घ्यावी हा सल्ला आजही ऐकू येतो. त्याची मुळे बहुतांशी त्या काळात आहेत आणि परिस्थिती बदलून वीस वर्षे झाली, याची दखल तो सल्ला घेत नाही.

अर्थात ही वाट पूर्ण बंद झालेली नाही. १२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या वर्मने फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतील दोष वापरून पोर्ट ४४५ वरून दीडशेच्या आसपास देशांतील संगणक गाठले, आणि त्याचीही दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेबरोबर उरणजवळील जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. पहिल्या प्रकारात बाहेरून येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात माल घरातल्याच विश्वासू प्रोग्रॅमने मागवलेला असतो, त्यामुळे तिला अडवण्यासारखे काही दिसत नाही.

आमच्या घराचा विचार केला तर मात्र सर्वांत वर्दळीची वाट पेनड्राइव्हची आहे. छापखाना, झेरॉक्सचे दुकान आणि घर असा त्याचा प्रवास चालतो. त्यातून येणारा नेहमीचा प्रकार म्हणजे लोक ज्याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात तो : खरे फोल्डर लपवले जातात, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवले जातात, आणि त्यावर क्लिक केले की आधी एक स्क्रिप्ट चालते व मग फोल्डर उघडते, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. दुसरी वाट क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना मोडून फुकट चालवलेल्या, सॉफ्टवेअरची. डीटीपीच्या व्यवसायात ती किती रुळलेली आहे हे वेगळे सांगायला नको. अशा संचाबरोबरच्या सूचनांत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ हे पहिलेच वाक्य असते. तिसरी वाट ईमेलच्या जोडपत्रांची, आणि चौथी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या खोट्या इशाऱ्यांची. नेटवर्कची वाट सोडली तर पेनड्राइव्हपासूनच्या या चारही वाटांवर कुणीतरी क्लिक करावे लागते.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती संगणकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, आणि विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या व्हायरस व्याख्या (व्हायरस ओळखण्याच्या याद्या) त्याहूनही पुढे येत राहणार आहेत. परंतु व्याख्या ताज्या असल्या तरी कार्यप्रणालीतील दोष त्यांनी बुजत नाहीत, म्हणून वर्षभराची सवलत न घेता थेट विंडोज ११ वर जाण्याचे ठरवले. संगणक अपात्र असल्याचा संदेश येत होता. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी हा पर्याय बंद असल्यामुळे टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची व्यवस्था, सापडत नव्हते. तो चालू केल्यावर अडचण दूर झाली. कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन अपग्रेड पूर्ण केले. पेजमेकर आणि फाँट पूर्वीप्रमाणे चालतात, हे पतींनी जुन्या दोन पुस्तकांच्या फायली उघडून पाहिले.

राउटरचेही काम आजच उरकले. व्यवस्थापनाचा पासवर्ड बसवताना होता तोच राहिला होता, तो बदलला. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय आणि यूपीएनपी ही दोन्ही बंद केली. यूपीएनपी चालू असताना घरातील कोणताही प्रोग्रॅम राउटरला परस्पर सांगून बाहेरच्यांसाठी पोर्ट उघडून घेऊ शकतो, ही सोय खेळांसाठी असली तरी तिचा लाभ मालवेअरलाही (घातक प्रोग्रॅमनाही) होतो. मुलीने खेळ चालू होतात याची खात्री करून घेतली आणि मगच संमती दिली.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजचा दिवस फायरवॉलचा. जुन्या अँटिव्हायरसच्या संचाची फायरवॉल बंद केली, त्याबरोबर विंडोजची स्वतःची फायरवॉल आपोआप कार्यरत झाली. तिचा मूळ नियम सोपा आहे : बाहेरून सुरू होणारी जोडणी स्पष्ट परवानगी नसेल तर अडवायची, आतून सुरू होणारी जाऊ द्यायची, आणि आतून गेलेल्या जोडणीचे उत्तर ओळखून आत येऊ द्यायचे. म्हणूनच वायफायवरील प्रिंटर काहीही न उघडता चालतो, कारण बोलणे संगणकाने सुरू केलेले असते.

प्रगत सेटिंगमध्ये आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांची यादी उघडली तेव्हा मूळ विंडोजच्या नियमांखेरीज बऱ्याच परवानग्या दिसल्या. त्यांत केव्हाच काढून टाकलेला एक टोरंटचा प्रोग्रॅम होता, दोन खेळ होते, आणि पूर्वी एका दुरुस्ती करणाऱ्याने दूरवरून संगणक हाताळण्यासाठी बसवलेला प्रोग्रॅम तर अजून जिवंत होता. या परवानग्या आपोआप तयार झालेल्या नाहीत. एखादा प्रोग्रॅम बाहेरून जोडणी स्वीकारू लागला की विंडोज एक चौकट दाखवते आणि प्रशासक खात्यात बसलेल्या व्यक्तीने ‘अलाऊ’ दाबले की नियम कायमचा नोंदला जातो. प्रोग्रॅम काढला तरी नियम उरू शकतो. त्या चौकटीत काय लिहिले होते हे घरात कुणालाही आठवत नाही. अनावश्यक नियम पुसले आणि दूरवरून हाताळणीचा प्रोग्रॅम मुळासकट काढला.

त्यानंतर मुलीच्या लॅपटॉपवरून एनमॅप हे उघडी पोर्ट शोधणारे साधन चालवून पाहिले. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आणि फाइल शेअरिंग चालू असताना १३५, १३९ आणि ४४५ ही पोर्ट उघडी दिसली. घरात एका संगणकावरून दुसऱ्यावर फायली पाठवण्याची गरज नसल्याने शेअरिंग बंद केले आणि नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ केला, तेव्हा एकही पोर्ट उघडे दिसेना. ‘पब्लिक’ हा शब्द वाचून आपला संगणक सर्वांना खुला झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो पर्याय अधिक कडक आहे आणि घरातही वापरता येतो.

आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, तपासणी स्वतंत्रपणे केली, कारण राउटरमागे आपण लपलेले आहोत ही समजूत मुख्यतः जुन्या आयपीव्ही४ पुरती खरी आहे. आयपीव्ही६ मध्ये घरातील प्रत्येक उपकरणाला जगभरात चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. पत्त्यांच्या अदलाबदलीमुळे आयपीव्ही४ मध्ये आपसूक मिळणारा आडोसा तेथे नसतो आणि सगळी भिस्त राउटरच्या व संगणकाच्या फायरवॉलवर राहते. मोबाइलच्या डेटावरून संगणकाच्या त्या पत्त्यावर जोडणीचा प्रयत्न केला. उत्तर आले नाही. नेमके कोणी अडवले हे कळण्यासाठी विंडोज फायरवॉलची अडवलेल्या जोडण्यांची नोंदवही चालू केली, जी मूळ सेटिंगमध्ये बंद असते, आणि पुन्हा प्रयत्न केला. नोंदवहीत काही उमटले नाही, त्याअर्थी जोडणी राउटरपाशीच थांबली. असे दोन थर असणे पुरेसे समाधानकारक आहे.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर नियंत्रण हवे, असा आग्रह अनेक जाणकार धरतात आणि विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये ते करत नाही, हे खरे आहे. म्हणून आठवडाभरासाठी एक मोफत, मुक्तस्रोत साधन बसवले आहे. विंडोज व्हिस्टापासून कार्यप्रणालीत जोडण्या गाळण्यासाठी एक आतील व्यवस्था आहे, तिचाच उपयोग ते करते, त्यामुळे संगणकावर वेगळा बोजा पडत नाही. नवा प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ लागला की ते त्याला थांबवून विचारते. घरच्यांना एवढेच सांगितले आहे की चौकट आली की वाचून योग्य वाटेल ते उत्तर द्या, आणि काय दिले ते वहीत लिहा.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

वही वाचली. तीन व्यक्तींच्या तीन रीती स्पष्ट दिसतात. मुलीने प्रत्येक चौकटीला परवानगी दिली आहे, आणि विचारल्यावर तिचे उत्तर असे की नाही म्हटले तर काहीतरी बंद पडते. पतींनी ओळखीच्या नावांना परवानगी दिली व अनोळखी नावांवर निर्णय लांबणीवर टाकला, त्यामुळे तीच चौकट त्यांना पुनःपुन्हा दिसत राहिली. सासूबाईंनी मात्र शिक्षिकेच्या शिस्तीने प्रत्येक नाव लिहून ठेवले आणि ओळखीचे नसेल ते नाकारले. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव त्यांना अर्थातच ओळखीचे नव्हते. विंडोजच्या अनेक सेवा त्या एकाच नावाखाली चालतात, त्यामुळे ते नाकारताच संकेतस्थळांची नावे उलगडणे थांबले, अपडेट थांबले आणि निवृत्तिवेतनाचे पान उघडेना. त्यांचा प्रश्न मला योग्य वाटला : ‘जे मला ठाऊकच नाही, ते मला का विचारतं हे?’

या आठवड्याचा निष्कर्ष असा की ज्या सॉफ्टवेअरची सुरक्षा प्रश्न विचारण्यावर अवलंबून आहे, ते प्रश्न कळणाऱ्या माणसाच्या संगणकावरच उपयोगी आहे. माझ्या कामाच्या यंत्रावर मी ते आनंदाने ठेवीन. या संगणकावर नाही. शिवाय एकदा आत शिरलेले मालवेअर स्वतःच्या नावाने बाहेर जाईलच असे नाही. परवानगी असलेल्या ब्राउझरच्या किंवा विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमच्या आडून ते जाऊ शकते.

साधन काढून टाकले आणि त्याऐवजी विंडोज फायरवॉलमध्ये बाहेर जाण्यास मनाई करणारे मोजके कायमचे नियम केले. डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट आणि एमएसएचटीए या स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमना आमच्या कोणत्याही कामासाठी इंटरनेट लागत नाही. शॉर्टकट व्हायरससारख्या प्रकारांना मात्र पुढचा माल उतरवून घेण्यासाठी नेमके हेच सोयीचे पडतात. हे नियम सिस्टम३२ आणि सिसवॉव६४ या दोन्ही फोल्डरांतील प्रतींसाठी करावे लागतात, नाहीतर एक दार लावून दुसरे उघडे राहते. हे नियम कुणालाही काही विचारत नाहीत. फायरवॉलचा विषय येथे संपला : वेगळी फायरवॉल घ्यायची नाही.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

अँटिव्हायरसच्या निवडीसाठी आज बराच वेळ वाचनात गेला. तुलनेसाठी जर्मनीतील मॅग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे अहवाल पाहिले. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावरील भार आणि वापरातील अडथळे यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. अलीकडच्या वर्षांत नावाजलेली बहुतेक उत्पादने १८ च्या आसपास असतात आणि विंडोजबरोबर येणारा डिफेंडरही त्यांच्यातच असतो. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तो पूर्ण अँटिव्हायरस झाला, तेव्हा निकालांत तो मागे असायचा. ‘फुकटचा आहे, काय उपयोगाचा’ हे मत तेव्हाचे. गुणांच्या आधारे निवड करणे आता जवळजवळ अशक्य झाले आहे, कारण पहिल्या दहांतील फरक आमच्या घराच्या दृष्टीने नगण्य आहे.

अहवालांतील एक तपशील मात्र उपयोगी वाटला. इंटरनेटशी जोडलेले नसताना डिफेंडरची ओळखण्याची क्षमता लक्षणीय घटते, कारण अनोळखी फाइलचा निर्णय तो मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून घेतो. ज्या घरात इंटरनेट क्वचितच असते आणि सगळी देवाणघेवाण पेनड्राइव्हवर चालते, तेथे ही उणीव निर्णायक ठरावी. आमच्याकडे जोडणी सहसा चालू असते. ती बंद असेल तेव्हा बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, एवढा नियम पुरेल.

पतींचा कल क्विक हीलकडे होता आणि त्याला कारणही आहे. पेनड्राइव्ह लावताक्षणी तो तपासण्याची सोय तेथे आहे, जी डिफेंडरमध्ये नाही. डिफेंडर फाइल उघडताना किंवा कॉपी करताना तपासतो, पण पूर्ण ड्राइव्ह तपासायचा तर आपण सांगावे लागते. त्याखेरीज कंपनी पुण्याची. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर या भावांनी, कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीच्या दुकानातून, १९९० च्या दशकात ती उभी केली आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. आपल्या भागातल्या माणसांचा अभिमान मलाही आहे, परंतु निवडीच्या तक्त्यात त्याला रकाना ठेवलेला नाही.

विश्वासार्हतेचा रकाना मात्र ठेवला, कारण अँटिव्हायरस संगणकातील प्रत्येक फाइल वाचू शकतो आणि कार्यप्रणालीच्या अगदी आतल्या थरात चालतो. अव्हास्टने आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे प्रकरण उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश मांडला. कॅस्परस्की प्रयोगशाळांच्या निकालांत सातत्याने वर असते. तरीही रशियन सरकारच्या संभाव्य दबावाचे कारण देऊन अमेरिकेने जून २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी जाहीर केली, आणि सप्टेंबरच्या शेवटी तेथील ग्राहकांचे अपडेटही बंद झाले. भारतात तशी बंदी नाही, परंतु दोन देशांच्या भांडणात आपले अपडेट अडकू शकतात, हे यातून दिसते. अपडेट पोहोचवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे : मुंबईच्या ईस्कॅनचे अपडेट साध्या, कूटबद्ध नसलेल्या जोडणीवरून येत असल्याचा फायदा घेऊन हल्लेखोर मधल्यामध्ये ते बदलत होते, असे एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत कंपनीने दोष दुरुस्त केलेला होता. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले, त्या दिवशी आपल्याकडील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले होते. ते उत्पादन घरगुती नाही, परंतु आतल्या थरात चालणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनीबरोबर हीही जोखीम येते. विंडोज वापरताना मायक्रोसॉफ्टवर विश्वास ठेवलेलाच असतो. डिफेंडर वापरल्याने त्या यादीत नवे नाव वाढत नाही.

शेवटी दोनच पर्याय उरले : डिफेंडर, आणि सध्याच्या संचाचे नूतनीकरण.

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दोन्ही पर्याय एकाच वेळी चालवता येत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर आपणहून मागे सरतो, आणि तसे व्हावे हेच योग्य, कारण दोन तपासनीस एकाच फाइलसाठी झगडू लागले की संगणक मंदावतो. म्हणून सकाळी संच चालू ठेवून आणि दुपारी तो तात्पुरता थांबवून डिफेंडरवर अशा एकामागून एक चाचण्या केल्या.

खऱ्या व्हायरसने चाचणी करण्याचा विचारही घरात करू नये. त्यासाठी आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल आहे, जिला सर्व अँटिव्हायरस ठरवून व्हायरस म्हणून ओळखतात. दोघांनीही ती उतरवताना पकडली, पेनड्राइव्हवरून कॉपी करताना पकडली, आणि साध्या झिपमधून काढतानाही पकडली. पासवर्ड असलेल्या झिपमध्ये मात्र ती उघडेपर्यंत दोघांनाही दिसली नाही. तसे होणे अटळ आहे, आणि ईमेलमधून पासवर्डसह झिप पाठवणारे भामटे याच गोष्टीवर विसंबून असतात. या चाचणीतून यंत्रणा चालू आहे एवढेच सिद्ध होते, ती किती चांगली आहे हे नाही.

वापरातला फरक अधिक बोलका होता. संचाने सकाळच्या काही तासांत नूतनीकरण, ब्राउझरची जोड, संगणक ‘वेगवान’ करण्याची सेवा आणि व्हीपीएन यांच्या जाहिराती दाखवल्या. त्यांतील एक चौकट व्हायरस सापडल्याच्या चौकटीसारखीच लाल होती. सासूबाईंनी विचारले, ‘यातलं खरं कोणतं समजायचं?’ ब्राउझरमध्ये येणारे खोटे इशारे याच रंगाचे आणि याच भाषेचे असतात. ज्या घरात रोज अशा चौकटी बंद करण्याची सवय लागते, तेथे खरा इशाराही त्याच सवयीने बंद होतो. शिवाय बँकेच्या पानाचे प्रमाणपत्र पाहिले तर ते बँकेने घेतलेल्या संस्थेचे नसून या संचानेच दिलेले दिसले, म्हणजे कूटबद्ध जोडणी उघडून तपासण्याची सोय चालू होती. हेतू चांगला असला तरी बँकेच्या बाबतीत मला ते नको आहे.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

नूतनीकरण केले नाही. संच नेहमीच्या मार्गाने काढल्यावरही त्याचे काही ड्रायव्हर मागे राहिले होते. त्याच कंपनीचे स्वतंत्र काढणी साधन चालवून आणि संगणक पुन्हा सुरू करून ते साफ केले. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडर पूर्णपणे कार्यरत असल्याची खात्री केली.

७ डिसेंबर २०२५, रविवार

डिफेंडर मूळ सेटिंगवर सोडून देणे म्हणजे निवड अर्धवट सोडणे, म्हणून आज सेटिंगचे काम केले. टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे, त्यामुळे एखादा प्रोग्रॅम परस्पर डिफेंडरची सेटिंग बदलू शकणार नाही. क्लाउडवरून संरक्षण चालू आहे. नको असलेले प्रोग्रॅम अडवण्याचा पर्याय, जो फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे टूलबार वगैरे रोखतो, तोही चालू केला. मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचे संरक्षण, चालू करताना प्रिंटरचा एक जुना ड्रायव्हर आडवा आला. नवा ड्रायव्हर बसवल्यावर ती चालू झाली.

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस हा पर्याय मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, आणि डीटीपी करणाऱ्या घरासाठी माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. ठरावीक फोल्डरांत फक्त विश्वासू प्रोग्रॅमनाच लिहू दिले जाते, त्यामुळे खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या मालवेअरला तेथे हात घालणे अवघड होते. पुस्तकांच्या फायली डी ड्राइव्हवर आहेत, ते फोल्डर यादीत हाताने घालावे लागले. अपेक्षेप्रमाणे पेजमेकरला फाइल साठवता येईना. ज्या प्रोग्रॅमचा विकास थांबून वीस वर्षे उलटली, त्याला विंडोजने अनोळखी मानावे हे स्वाभाविकच आहे. त्याला नावाने परवानगी दिली. येथे मोह होतो तो संपूर्ण डी ड्राइव्ह तपासणीतून वगळण्याचा, कारण त्याने सगळ्या तक्रारी एका झटक्यात थांबतात. तसे वगळलेले काहीही ठेवलेले नाही.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

आतापर्यंत चौघेही एकच प्रशासक खाते वापरत होतो. आज प्रत्येकाचे वेगळे, साधे खाते केले आणि प्रशासक खात्याचा पासवर्ड माझ्याकडे ठेवला. नवीन प्रोग्रॅम बसवायचा असेल तर विंडोज तो पासवर्ड मागते, म्हणजे जो प्रश्न आजवर समोर बसलेल्या कुणालाही विचारला जात होता, तो आता माझ्यापर्यंत येतो. साध्या खात्यात फायरवॉलच्या चौकटीत ‘अलाऊ’ दाबूनही परवानगी नोंदली जात नाही. पतींना सुरुवातीला हे जाचक वाटले. क्रॅकचा प्रश्नही याच निमित्ताने निघाला. एक चित्रसंपादनाचे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर काढून मुक्तस्रोत पर्याय बसवला, कारण अँटिव्हायरस बंद करून बसवायच्या वस्तूपासून कोणताही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही.

नूतनीकरणाच्या वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून आणखी एक बाह्य हार्ड डिस्क घेतली. एकीवर आठवड्याची प्रत घ्यायची, दुसरीवर महिन्याची, आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर संगणकाबरोबर तीही कुलूपबंद होईल.

२१ डिसेंबर २०२५, रविवार

व्यवस्था घरच्यांच्या हाती दिली. पेनड्राइव्ह लावला की आधी उजव्या क्लिकने तपासणी करायची, एवढी एकच जबाबदारी पतींकडे आहे. गेल्या आठवड्यात छापखान्यातून आलेल्या पेनड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरस निघाला आणि डिफेंडरने तो काढला. फोल्डर मात्र लपलेलेच राहिले, ते आज्ञा देऊन परत दिसते करावे लागले. ती आज्ञा लिहून संगणकाशेजारी चिकटवली आहे.

सासूबाईंना सांगितले की पडद्यावर दूरध्वनी क्रमांक दाखवणारा प्रत्येक इशारा खोटा असतो, कारण विंडोज कधीही फोन करायला सांगत नाही. ओटीपी मागणारा फोन, ‘डिजिटल अटक’ किंवा स्क्रीन दाखवायला सांगणारा प्रोग्रॅम यांच्यापुढे फायरवॉल आणि अँटिव्हायरस दोन्ही हतबल असतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचे, हा क्रमांक त्यांनी स्वतःच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून घेतला.

शिल्लक काम एकच आहे. छापखान्यातील संगणक अजून विंडोज ७ वर चालतो, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला, आणि संसर्ग तिकडूनच येतो. फायली पेनड्राइव्हऐवजी क्लाउडमधील सामायिक फोल्डरातून पाठवायला मालक तयार आहेत, परंतु मोठ्या पुस्तकांच्या फायली त्यांच्या जोडणीवरून चढायला फार वेळ लागतो. जानेवारीत पुढच्या पुस्तकाच्या वेळी आधी फक्त मजकुराच्या फायली तशा पाठवून पाहायच्या, असे ठरले आहे.